सांडपाण्यातलं तांबं परत मिळवणारा सेल: आठ महिने वापरल्यावर

चुना टाकायचा, हायड्रॉक्साइडचा गाळ बसू द्यायचा, फिल्टर प्रेसमधून काढायचा आणि घातक कचरा म्हणून पोती भरून पाठवायची. प्लेटिंगच्या सांडपाण्याचं आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालायचं. त्या निळसर गाळातून आपलंच तांबं चाललंय, हे बघून जीव तुटायचा. म्हणून इलेक्ट्रोविनिंगचा, म्हणजे वीज सोडून पाण्यातला धातू पत्र्यावर बसवणारा, सेल घेतला.

पहिला दीड महिना वाया गेला. सगळं पाणी जिथे एकत्र येतं त्या टाकीवर सेल लावला होता. तिथे तांबं इतकं विरळ, की करंट नुसता हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जायचा. पत्र्यावर काळपट भुकटी धरायची, बोट फिरवलं की निघायची. मग सेल प्लेटिंगच्या बाथनंतरच्या पहिल्याच, साठत्या रिन्स टाकीवर (जिथे जॉब, म्हणजे प्लेटिंग केलेला भाग, न वाहणाऱ्या पाण्यात धुतला जातो) हलवला. जॉब अंगावर जे द्रावण घेऊन येतो ते तिथेच उतरतं, त्यामुळे पाणी निळंशार. तिसऱ्या दिवशी स्टेनलेसच्या कॅथोडची, म्हणजे ज्या ऋण पत्र्यावर तांबं बसतं त्याची, कड पट्टीने उचकटली, तर लालसर गुलाबी तांब्याचा अखंड पत्रा सुटून हातात आला!

फॅरडेच्या नियमाने एका अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम तांबं बसतं. ५० अँपिअरवर १० तासांत ५९३ ग्रॅम. पाणी दाट असेल तर आमचं वजन या आकड्याच्या जवळ जातं. पाण्यातलं तांबं लिटरला एक ग्रॅमच्या खाली गेलं की वजन झपाट्याने घसरतं, तिथे मी सेल बंद करतो. उरलेलं तांबं आयन एक्स्चेंजने, म्हणजे धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून पाणी सोडून, धरायचं; रेझिन आम्लाने धुतलं की तेच दाट होऊन परत सेलमध्ये येतं.

निकेल प्लेटिंगच्या पाण्यातून निकेल काढताना मात्र सतत लक्ष द्यावं लागतं. अ‍ॅनोडपाशी, म्हणजे सेलच्या धन पत्र्यापाशी, आम्ल तयार होतं, पीएच ४ च्या बराच खाली गेला की निकेलऐवजी हायड्रोजनच सुटतो. शिवाय बाथमध्ये क्लोराइड असेल तर अ‍ॅनोडवर क्लोरिन निघतो. आम्हाला हे घशाला झोंबल्यावर कळलं. वायू ओढून घेणारा हूड आधी बसवा, निकेल मग घ्या. सहा-संयुजी क्रोमियमसाठी हा सेल घेऊच नका. त्याचं आधी क्षपण करून, म्हणजे रसायनाने तीन-संयुजी करून, गाळच काढावा लागतो.

चुन्याची टाकी अजून चालू आहे, पण प्रेस आता रोज उघडावा लागत नाही.