वाकड सोडून कोथरूड : वर्ष होत आल्यावर

आम्ही पुण्यात राहतो. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ला, माझं कल्याणीनगरला, मुलगी पहिलीत. मागच्या मे महिन्यात आम्ही हिंजवडीलगतच्या वाकडचा ऐसपैस फ्लॅट सोडून कोथरूडला, वनाझ मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जुन्या इमारतीत भाड्याने आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली कमी आणि भाडं जवळपास तेवढंच. "हिंजवडीत नोकरी आणि राहायला कोथरूड? डोकं ठिकाणावर आहे ना?" हे सासर-माहेर दोन्हीकडून ऐकून झालंय.

आधी रडगाणं. नवऱ्याचा प्रवास वाढला, चांगलाच वाढला. चांदणी चौकातले नवे पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाल्यापासून तिथली कोंडी बरीच सुटली, पण भूमकर चौकापासून पुढे हिंजवडी ती हिंजवडीच. पाऊस पडला की रामभरोसे. माण–शिवाजीनगर मेट्रोवरही आमची भिस्त नाही. ती बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी जाते, म्हणजे कोथरूडकराने आधी सिव्हिल कोर्टपर्यंत उलटं जायचं आणि मग हिंजवडी गाठायची. तो सध्या कंपनीची सकाळची पहिली बस पकडतो, बसमध्ये झोपतो आणि चारलाच निघतो. मला मात्र लॉटरी लागली. वनाझ–रामवाडी मेट्रोने गाडी न बदलता थेट कल्याणीनगर.

मोठ्यांचा प्रवास असा वाकवता येतो. वेळ बदला, दोन दिवस घरून काम मागून घ्या. शाळा सातला म्हणजे सातलाच. वाकडला व्हॅनच्या फेरीत आमची सोसायटी सगळ्यात लांबची, त्यामुळे लेक सकाळी पहिली चढायची आणि दुपारी शेवटची उतरायची. शाळा काही फार लांब नव्हती, वेळ जायचा तो बाकीच्या सोसायट्यांची दारं फिरण्यात. उतरायची ती गाढ झोपेतच, व्हॅनवाले काका दप्तर एका हातात आणि तिला दुसऱ्या हातात घेऊन गेटशी उभे. आता सेमी-इंग्रजी शाळेत चालत जाते, वाटेत प्रत्येक मांजराची चौकशी करत.

पण घर शोधताना बहुतेक जण ज्याचा हिशेबच धरत नाहीत ती म्हणजे दुपार. सकाळची शाळा बाराच्या सुमारास सुटते आणि आईबाप संध्याकाळी उगवतात. मधले सहा-सात तास कोणाकडे? आमच्या मागच्या गल्लीत एक काकू पाळणाघर चालवतात. त्या स्वतः शाळेच्या फाटकावर जातात, गरम वरणभात घालतात, दुपारी झोपवतात. मी पुन्हा घर शोधलं तर आधी पाळणाघर, मग शाळा आणि शेवटी फ्लॅट बघेन. ऑफिसचं अंतर त्यानंतर.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक. नेहमीचा अकरा महिन्यांचा करार शाळेच्या वर्षाशी जुळत नाही, ऐन परीक्षेत घर सोडायची वेळ येऊ शकते. आम्ही हट्टाने छत्तीस महिन्यांचा करून रीतसर नोंदवला. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवर) प्रवेश घेणार असाल आणि पत्त्यासाठी भाडेकरार दाखवणार असाल तर तो नोंदणीकृतच लागतो, आणि शाळेपासूनचं अंतरही मोजलं जातं, आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनपर्यंतचे.

उणी बाजू अजून आहे. पार्किंग एकच, त्यामुळे नवऱ्याची बाईक रस्त्यावर. पाणी महापालिकेचं, पण ठरावीक वेळेलाच येतं. वाकडच्या टँकरपेक्षा तरी बरं म्हणायचं. आणि कोथरूडच्या निम्म्या जुन्या इमारतींसारखी आमच्याही सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली आहेत. घर रिकामं करावं लागलंच तर नवं कुठे शोधायचं ते ठरलंय, काकूंच्या पाळणाघरापासून दोन गल्ल्यांच्या आत.