कम्युनिटी कॉलेजात इतिहास, मग युनिव्हर्सिटी : दोन वर्षांनंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षं इतिहास घेऊन शिकले आणि 2025 च्या सप्टेंबरात यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सांताक्रूझला थेट तिसऱ्या वर्षाला आले. आता इथली पहिली टर्म पार पडली आहे. माझं मत आधीच सांगते: शिकवणं उत्तम, खर्च अगदी कमी, पण वेळापत्रकावर स्वतः डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, आणि आर्ट्सवाल्यांना तर जरा जास्तच. इंजिनीअरिंगसाठी या वाटेने गेलेली मराठी मुलं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, सहज भेटतात. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य घेऊन गेलेलं कुणी मला तरी विचारायला सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मार्क कमी पडले का?" तसं काही नाही. ही वाट राज्याने 1960 च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्यात, मुद्दाम आखली. आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत आणि यूसीत बाहेरून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांमध्ये बहुतेक याच कॉलेजांतले असतात. पदवी शेवटी युनिव्हर्सिटीचीच मिळते. पैशांचा हिशोब सोपा आहे. कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) 46 डॉलर, म्हणजे वर्षाच्या 30 युनिटांचे 1,380. यूसीची नुसती फी वर्षाला 15,000 च्या आसपास जाते. एक वर्षाहून जास्त काळ इथे राहिल्याचे कागद मात्र तयार ठेवा. रहिवासी धरलं गेलं नाही तर फी कित्येक पटींनी वाढते. पुस्तकांवर माझा फारसा खर्च झाला नाही, कारण इतिहास आणि इंग्रजीचे बरेच वर्ग 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट'वाले, म्हणजे पुस्तक विकत घ्यावं न लागणारे, होते. वेळापत्रकात तशी खूण असते.

आता शिकवण्याबद्दल. दहावीपर्यंत मी वाईला मराठी माध्यमात होते. तिथे इतिहास म्हणजे 'टिपा लिहा' आणि 'विधाने सकारण स्पष्ट करा'. मुद्दे आले की मार्क मिळायचे. इथे अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात प्रोफेसरांनी एक दिवस पुस्तक बाजूला ठेवून प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, 1942 मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावणारी ती लष्करी नोटीस होती, तेव्हा रस्तोरस्ती चिकटवलेली. सोबत काय आणायचं याची यादी तिच्यात आहे: अंथरूण-पांघरूण, पण गादी नाही. जास्तीचे कपडे. घरातल्या प्रत्येकासाठी सुऱ्या, काटे, चमचे, ताटल्या. पाळीव प्राणी कुठलेही चालणार नाहीत.

प्रोफेसर म्हणाले, यावर लगेच मत देऊ नका. आधी सांगा, ही यादी करणाऱ्याला काय माहीत होतं आणि त्याने काय सांगितलेलं नाही? तास त्यातच गेला. सैन्यात नोकरी करून आलेला एक वर्गमित्र म्हणाला, ताटल्यासुद्धा आणायला सांगतात म्हणजे पुढच्या मुक्कामी तयारी फारशी झालेली नाही, आणि परत कधी सोडणार याची तारीखच कुठे नाही. माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं. त्यावर तीन पानी निबंध लिहायचा होता. माझा निबंध परत आला तेव्हा समासात चार ठिकाणी एकच प्रश्न लिहिलेला होता: "हे तुला या कागदात कुठे दिसलं?" त्या एका प्रश्नाने माझं लिहिणं बदललं.

हे शक्य होतं कारण वर्गात तीस-पस्तीस जण असतात आणि निबंध प्रोफेसर स्वतः तपासतात. त्यांचं मुख्य काम शिकवणं हेच. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, गेलं की खुर्ची रिकामी असते, हवं तितकं बोलता येतं. युनिव्हर्सिटीत मोठ्या वर्गांचे पेपर टीए (शिकवण्यात मदत करणारे पुढच्या वर्गांतले विद्यार्थी) तपासतात. पहिल्या दोन वर्षांत ज्याला लिहायला शिकायचंय, त्याला कम्युनिटी कॉलेजच बरं, हे मी अगदी मनापासून सांगते. फक्त वर्ग प्रत्यक्ष भरणारे घ्या. पूर्ण ऑनलाइन वर्गात चर्चा म्हणजे एकमेकांच्या पोस्टखाली दोन वाक्यं टाकणं, आणि आर्ट्सच्या विषयात चर्चेतूनच तर शिकायचं असतं.

त्रास झाला तो दुसरीकडे. मला जगाच्या इतिहासाचा दुसरा भाग हवा होता. पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून कॉलेजने तो वर्ग टर्म सुरू व्हायच्या तोंडावर रद्द केला. गणित किंवा अकाउंटिंगचे वर्ग भरलेले असतात, त्यांच्या वाट्याला हे सहसा येत नाही. इतिहास-तत्त्वज्ञानाचे पुढचे वर्ग वर्षातून एकदाच लागतात, तेही रद्द झाले तर ट्रान्सफर, म्हणजे युनिव्हर्सिटीत जाणं, वर्षभर लांबू शकते. मला राग आला होता आणि तो अजून आहे, कारण त्या वर्गावर अवलंबून असलेली मुलं मोजकी असली तरी त्यांचं वर्ष पणाला लागलेलं असतं. शेवटी शेजारच्या कॉलेजात तोच विषय घेतला. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स युनिव्हर्सिटीच्या कुठल्या कॅम्पसवर कशाच्या जागी धरतात ते तिथे दिसतं. पहिल्याच टर्मला हव्या त्या दोन-तीन कॅम्पसची त्यातली पानं उतरवून घ्या आणि काउन्सेलरकडे ती घेऊनच जा. अर्ध्या तासाच्या भेटीत तेही सगळं बघू शकत नाहीत.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक खास गोष्ट. माझ्या वेळी आयगेट्सी नावाची सामान्य विषयांची यादी पूर्ण करावी लागायची, आणि यूसीसाठी त्यात इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा होती. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी नसलेल्या माध्यमात चांगल्या मार्कांनी झाली असतील, तर ती अट पुरी झाली असं धरत. आत्याने वाईच्या शाळेतून माध्यमाचा उल्लेख असलेलं मुख्याध्यापकांचं पत्र आणि गुणपत्रिका मिळवून पाठवल्या, आणि स्पॅनिश घ्यायची गरजच उरली नाही. 2025 च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारी टर्म) नवीन येणाऱ्यांना त्या यादीऐवजी कॅल-गेट्सी लागू आहे. तिच्यात ही अट नाही, पण काही कॅम्पस आणि विभाग स्वतःची भाषेची अट ठेवतात, तेव्हा कागद मिळवून ठेवलेले बरे.

प्रवेशाची हमी देणारी 'टॅग' योजना यूसीच्या पदवी देणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पसवर आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ. बर्कली, एलए, सॅन डिएगो यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच कॅम्पसला. मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा, आणि त्यात साडेतीनशे शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची.

सांताक्रूझला आल्यावर पहिला धक्का वेगाचा. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरची सवय होती, इथे दहा आठवड्यांत सगळं संपतं. तिसऱ्या आठवड्यात पहिला पेपर द्यायचा होता. वाचन दुप्पट वाटलं, लिहिणं मात्र जड गेलं नाही. दुसरी अडचण अशी की पहिल्या वर्षापासून इथे असलेल्यांची प्रोफेसरांशी ओळख असते आणि आपल्या हातात दोनच वर्षं. पुढे एमए-पीएचडीचा विचार असेल तर शिफारसपत्रांसाठी पहिल्याच टर्मपासून दोन प्रोफेसरांकडे नियमित जायला लागा. मी जातेय. पुढच्या टर्मला संशोधनाचा सेमिनार मिळालाय. विषय अजून ठरायचाय, पण 1942 चे कागद सांभाळणाऱ्या अर्काइव्हच्या याद्या वाचायला घेतल्या आहेत.