लुकलुकणारी स्क्रीन: विनफॉर्म्समध्येच दुरुस्ती, डब्ल्यूपीएफ की क्यूटी?

विनफॉर्म्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यासपीठातल्या स्क्रीन बनवण्याच्या जुन्या साधनात, दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला आणि आजही रोज वापरात असलेला एखादा प्रोग्रॅम तुमच्याकडे सांभाळायला आला आहे. त्याची स्क्रीन लुकलुकते, नव्या मॉनिटरवर अक्षरे पुसट दिसतात, मराठी जोडाक्षरे फुटतात आणि मधूनच एखाद्या कंट्रोलच्या (बटण, चौकट, तक्ता असा स्क्रीनवरचा घटक) जागी लाल फुली उमटते. अशा वेळी बैठकीत तीन पर्याय मांडले जातात: आहे त्याच विनफॉर्म्समध्ये दुरुस्ती करणे, सगळ्या स्क्रीन डब्ल्यूपीएफ या डॉटनेटमधल्याच नंतरच्या साधनात नव्याने लिहिणे, किंवा थेट क्यूटी या सी++ भाषेतल्या साधनाकडे जाणे. या तिन्हींची तुलना ‘कोणते तंत्र चांगले’ या प्रश्नापासून सुरू केली, तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते, कारण वर सांगितलेल्या चार तक्रारींची मुळे चार ठिकाणी आहेत. म्हणून येथे एकेक तक्रार घेऊन तिन्ही पर्याय तिच्यासमोर ठेवले आहेत.

लुकलुकणे

विंडोजच्या जुन्या पद्धतीत विंडोवरचे चित्र जपून ठेवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमची असते. अमुक भाग शिळा झाला, एवढेच विंडोज कळवते आणि तो भाग प्रोग्रॅमने पुन्हा रंगवायचा असतो. हे रंगवणे दोन टप्प्यांत होते: आधी पार्श्वभूमीचा रंग फासून जुने चित्र पुसले जाते आणि मग त्यावर मजकूर व रेषा काढल्या जातात. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो. तो क्षण नेमका या दोन टप्प्यांच्या मध्ये आला, तर डोळ्यांना कोरी पाटी दिसते. लुकलुकणे (फ्लिकर) म्हणजे बहुतेक वेळा हीच कोरी पाटी असते. रंगवणे संथ आहे म्हणून प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड बदलणाऱ्यांच्या हाती त्यामुळेच फारसे काही लागत नाही.

विनफॉर्म्समध्ये यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. सगळे चित्र आधी मेमरीतल्या एका बफरमध्ये काढायचे आणि पूर्ण झाल्यावर एकाच वेळी स्क्रीनवर उतरवायचे, याला डबल बफरिंग म्हणतात. डॉटनेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून, प्रत्येक कंट्रोलला ‘डबलबफर्ड’ हा गुणधर्म आहे. १९२० × १०८० च्या पूर्ण स्क्रीनसाठी असा बफर सुमारे ८.३ एमबी मेमरी घेतो आणि ३८४० × २१६० साठी सुमारे ३३ एमबी. आजच्या संगणकाला हा भार नाही. मात्र हा गुणधर्म प्रोटेक्टेड आहे, म्हणजे कंट्रोलच्या बाहेरून तो थेट बदलता येत नाही. ग्रिडसाठी, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यासाठी, तो चालू करायचा, तर ग्रिडच्या क्लासपासून चार ओळींचा आपला क्लास काढावा लागतो, आणि ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण ‘आमच्या ग्रिडला ती सोयच नाही’ असे समजून बसतात.

दुसरी अडचण अशी की फॉर्मवर डबल बफरिंग चालू केले, तरी ते त्याच्या पोटातल्या कंट्रोलना लागू होत नाही. विनफॉर्म्समधला प्रत्येक टेक्स्टबॉक्स आणि प्रत्येक लेबल ही विंडोजच्या लेखी एक स्वतंत्र विंडो असते आणि ती आपापली स्वतंत्रपणे रंगते. चाळीस कंट्रोल असलेला फॉर्म उघडताना चौकोन एकामागून एक भरत जाताना दिसतात, ते यामुळेच. फॉर्मला ‘कम्पोझिटेड’ ही विस्तारित शैली दिली की पोटातल्या सगळ्या विंडो एकत्र बफर होतात; पण त्याने फॉर्म लहानमोठा करताना जडपणा येऊ शकतो आणि काही कंट्रोल विचित्र वागू लागतात. ही शैली मी शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो.

डब्ल्यूपीएफ आणि क्यूटी इथे जन्मतःच पुढे आहेत, हे मान्य केले पाहिजे. डब्ल्यूपीएफ २००६ मध्ये डॉटनेट ३.० सोबत आले. त्यात आपण काय दाखवायचे ते सांगतो, चित्राची नोंद ते स्वतः सांभाळते आणि रंगवण्याचे काम डायरेक्टएक्सकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेकडे, जाते. पुसणे आणि रंगवणे यांमधली ती फट प्रोग्रॅमरच्या वाट्यालाच येत नाही. क्यूटीने ४.१ आवृत्तीपासून सगळ्या विजेटसाठी (क्यूटीतले कंट्रोल) सामाईक बफर ठेवला आणि ४.४ पासून आतल्या विजेटना स्वतंत्र विंडो देणे सोडून दिले, त्यामुळे चाळीस चौकोनांचा प्रश्न तिथे मुळातच मिटला. केवळ लुकलुकण्याच्या कसोटीवर विनफॉर्म्स तिसरे येते. तरीही ही एकच तक्रार असेल, तर स्थलांतराचा खर्च मला पटत नाही. त्याचे कारण पुढच्या उदाहरणात आहे.

एका भट्टीचे तापमान दाखवणारी स्क्रीन मला दुरुस्तीसाठी मिळाली होती. २४ ओळी, ६ रकाने आणि दर पाव सेकंदाने नवे आकडे, असे तिचे स्वरूप होते. ग्रिड अखंड थरथरत असे आणि ‘डब्ल्यूपीएफ घ्या’ असा ठराव जवळजवळ झाला होता. कोड उघडला तेव्हा दिसले की प्रत्येक पेशीत आकडा लिहिल्यानंतर ‘रिफ्रेश’ बोलावले जात होते. ‘रिफ्रेश’ म्हणजे संपूर्ण ग्रिड ताबडतोब रंगवण्याचा हुकूम. १४४ पेशी आणि सेकंदाला चार फेऱ्या, म्हणजे ग्रिडवर सेकंदाला ५७६ वेळा पूर्ण रंगकाम लादले जात होते. त्याऐवजी ज्या पेशीचा आकडा खरोखर बदलला तेवढीच ‘इनव्हॅलिडेट’ केली. ‘इनव्हॅलिडेट’ लगेच रंगवत नाही. तो भाग शिळा झाल्याची नोंद करते, अशा नोंदी एकत्र होतात आणि संदेशांची रांग मोकळी झाली की एकदाच रंगकाम होते. जोडीला ग्रिडला डबल बफरिंग दिले. अर्ध्या दिवसात थरथर थांबली. क्यूटीतही ‘अपडेट’ आणि ‘रीपेंट’ यांच्यात हाच फरक आहे. तिथे ‘रीपेंट’चा असाच मारा केला असता, तर सामाईक बफर असूनही प्रोसेसर घामाघूम झाला असता.

दूरच्या शाखेतून रिमोट डेस्कटॉपवर प्रोग्रॅम वापरला जात असेल, तर हिशेब उलटू शकतो. बफर नसताना ‘इथे रेषा काढ, तिथे मजकूर लिही’ अशा छोट्या आज्ञा तारेवरून जाऊ शकतात. बफर असताना तयार चित्र पाठवावे लागते आणि डब्ल्यूपीएफलाही अशा जोडणीवर चित्रच पाठवावे लागते. संथ जोडणीवर साधे विनफॉर्म्स आणि बंद केलेले डबल बफरिंग ही जोडी सरस ठरू शकते. आपण रिमोट सत्रात आहोत की नाही, हे डॉटनेट स्वतःच सांगते. ते विचारून निर्णय चालू प्रोग्रॅममध्येच घेता येतो.

लाल फुली

पांढऱ्या चौकोनावर लाल किनार आणि लाल फुली दिसली, तर त्या कंट्रोलच्या रंगवण्याच्या कोडमध्ये अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालू असतानाची चूक) उद्भवला आहे आणि विनफॉर्म्सने त्या कंट्रोलला पुन्हा रंगवण्याचा नाद सोडला आहे, असे समजावे. माझ्या अनुभवात याची कारणे दोनच निघाली. एक, पोर्टवरून आलेली माहिती दुसऱ्या थ्रेडवरून (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) थेट ग्रिडच्या यादीत घातली जाते आणि मुख्य थ्रेड नेमका त्याच वेळी ती यादी वाचत असतो. दोन, बिटमॅपमधून ‘गेटएचबिटमॅप’ने काढलेली हँडल, म्हणजे जीडीआय या विंडोजच्या चित्र काढणाऱ्या जुन्या यंत्रणेकडून घेतलेल्या वस्तूंचे क्रमांक, परत केली जात नाहीत. एका प्रोसेसला अशी जीडीआय हँडल मुळात १०,००० मिळतात. सकाळी सुरू केलेला प्रोग्रॅम दुपारच्या जेवणानंतर कोसळतो, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्टचा रकाना उघडून तो आकडा चढत जातो का ते पाहावे.

या तक्रारीवर स्थलांतर हा उपाय नाही. डब्ल्यूपीएफमध्येही कंट्रोल ज्या थ्रेडवर जन्मला त्याच थ्रेडवरून हाताळावा लागतो आणि क्यूटीतही विजेट फक्त मुख्य थ्रेडवरच हलवता येतात. आजचा चुकीचा कोड तिकडे नेला, तर फुलीऐवजी प्रोग्रॅम सरळ बंद पडेल, एवढाच बदल होईल.

पुसट अक्षरे

लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळे १५० टक्के मोठे करून आणि शेजारच्या मॉनिटरवर १०० टक्क्यांवर, ही मांडणी आता सर्रास दिसते. जुन्या प्रोग्रॅमने डीपीआयची (एका इंचात किती ठिपके याचे माप) दखल घेतो असे जाहीर केलेले नसेल, तर विंडोज त्याला ९६ डीपीआयवर चित्र काढू देते आणि ते चित्र ताणून दाखवते. पुसटपणा त्या ताणण्याचा असतो. विनफॉर्म्समध्ये मॉनिटरगणिक डीपीआय सांभाळण्याची बरी सोय डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ आणि विंडोज १० ची १७०३ आवृत्ती यांच्यासोबत, म्हणजे २०१७ मध्ये आली. ती चालू करणे सोपे आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. आपण हाताने रंगवलेल्या प्रत्येक ठिकाणी ‘ओळीची उंची २२’, ‘डावीकडून ८’ असे आकडे कोरलेले असतात आणि त्या प्रत्येकाला चालू डीपीआय भागिले ९६ या गुणकाने गुणावे लागते. कोरलेले आकडे मोजा: पन्नास निघाले तर दुरुस्ती करा, पाचशे निघाले तर डब्ल्यूपीएफचा विचार गंभीरपणे करा.

डब्ल्यूपीएफचे मापच एक इंच भागिले ९६ असे असल्यामुळे हा गुणाकार ते स्वतः करते. मॉनिटरगणिक बदल सांभाळणे त्याला २०१६ मध्ये, फ्रेमवर्क ४.६.२ पासून जमू लागले. मात्र त्याचे स्वतःचे एक दुखणे आहे: एक पिक्सेलची रेषा दोन पिक्सेलच्या सीमेवर पडली की ती करडी आणि जाड दिसते. त्यासाठी लेआउट राउंडिंग (मापे पूर्ण पिक्सेलवर आणणे) चालू ठेवावे आणि बारीक अक्षरांसाठी मजकुराची ‘डिस्प्ले’ पद्धत निवडावी. २०१० च्या डॉटनेट ४ पूर्वी या सोयी नव्हत्या; ‘डब्ल्यूपीएफची अक्षरे धुरकट असतात’ हा समज त्या काळातला आहे. क्यूटी ६ मध्ये उच्च डीपीआयचा आधार कायमच चालू असतो.

मराठी मजकूर

आपल्याकडच्या प्रोग्रॅममध्ये ही कसोटी वगळून चालत नाही. विनफॉर्म्समध्ये मजकूर काढण्याचे दोन मार्ग आहेत: जीडीआय प्लसचे ‘ड्रॉस्ट्रिंग’ आणि जीडीआयवर चालणारे ‘टेक्स्टरेंडरर’. दोघांची रुंदी मोजण्याची रीत वेगळी आहे. एकाने मोजून दुसऱ्याने काढले की शेवटचे अक्षर कापले जाते. मी देवनागरीसाठी मोजायला आणि काढायलाही ‘टेक्स्टरेंडरर’च वापरतो.

त्याहून वाईट चूक म्हणजे मजकुराचे तुकडे करून तो रंगवणे. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्यात सात घटक आहेत. शोधलेला भाग पिवळा करण्यासाठी कोणी तो मध्येच तोडून तीन तुकड्यांत काढला की जोडाक्षर फुटते आणि हलन्त उघडा पडतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेदही असल्या तोडातोडीत टिकत नाही. विनफॉर्म्समध्ये त्या भागाची जागा मोजून आधी मागे पिवळा पट्टा भरावा आणि मग सबंध शब्द एकाच वेळी काढावा. डब्ल्यूपीएफमध्ये सबंध मजकूर एकदाच देऊन त्यातल्या ठरावीक भागाला वेगळा रंग देता येतो. हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या आधारे अक्षरे जुळवणाऱ्या क्यूटीतही अशी सोय आहे. या एका बाबतीत दोघेही विनफॉर्म्सपेक्षा स्पष्टपणे वरचढ आहेत. ओळीची उंची मात्र तिन्हींकडे तपासावी लागते: इंग्रजी फॉन्टवर बेतलेल्या २२ पिक्सेलच्या ओळीत ‘पूर्तता’ लिहून पाहा, पायातला ऊकार किंवा डोक्यावरचा रफार यांपैकी एकाचा बळी जातो.

स्थलांतराची खरी किंमत

क्यूटीचा विचार लिनक्स किंवा मॅकवर जायचे असेल, किंवा घरात सी++ जाणणारी माणसे असतील तरच करावा. सी शार्पच्या चमूला केवळ स्क्रीन सुधारण्यासाठी भाषा बदलायला लावणे अवाजवी आहे आणि एलजीपीएल हा अटींसह मुक्त असलेला परवाना की व्यावसायिक परवाना, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो.

डब्ल्यूपीएफमध्ये जाताना दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. पहिली, पन्नास हजार बिंदूंचा आलेख प्रत्येक बिंदूला स्वतंत्र वर्तुळ देऊन काढला, तर ते जुन्या विनफॉर्म्सपेक्षाही संथ चालते. तिथेही शेवटी ‘ड्रॉइंगव्हिज्युअल’ या हलक्या घटकावर किंवा बिटमॅपवर हातानेच चित्र काढावे लागते. दुसरी, थोडे थोडे स्थलांतर करू म्हणून जुना कंट्रोल नव्या स्क्रीनमध्ये बसवला, की तो डब्ल्यूपीएफच्या चित्रावर कायम वरच राहतो. त्याच्यावर पारदर्शक सूचना किंवा ‘थांबा’ असे आवरण घालता येत नाही. दोन पद्धतींची सरमिसळ एकाच विंडोत टाळावी.

भट्टीच्या प्रोग्रॅममध्ये पुढे आठ तासांचा आलेख बोटाच्या चिमटीने लहानमोठा करण्याची मागणी आली. तेवढी एकच स्क्रीन आम्ही डब्ल्यूपीएफमध्ये, पूर्ण वेगळी विंडो म्हणून लिहिली आणि ती विनफॉर्म्सच्या मेनूतून उघडली. सुरुवातीला तिच्यातल्या तारखेच्या चौकटीत काही टाइपच होईना. अशा विंडोसाठी ‘एलिमेंटहोस्ट’ या विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ जोडणाऱ्या क्लासमधली कीबोर्ड जुळवणारी एक ओळ विंडो उघडण्याआधी लिहावी लागते. ती लिहिल्यावर काम चालू झाले. ग्रिड अजूनही विनफॉर्म्समध्येच आहे.