गप्पांमधला मेंदू मोजायचा तर कोणती टोपी?

सोलापुरात दोन मित्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात गप्पा मारताहेत आणि दोघांचेही मेंदू एकाच वेळी मोजायचेत, असं समजा. याला हायपरस्कॅनिंग म्हणतात. एमआरआयच्या नळीत आडवं पडून हे जमायचं नाही, म्हणून उरतात डोक्यावरच्या दोन टोप्या: ईईजी आणि एफएनआयआरएस.

ईईजी चेतापेशींची विद्युत हालचाल टिपते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला. मिलिसेकंदांचा हिशेब असल्याने कोणी कोणाचं वाक्य तोडलं, त्या क्षणी काय झालं, हे पकडण्यात तिला तोड नाही. पण घास चावला की जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या क्षीण लहरींवर कुरघोडी करते. त्यात आपला मे महिना! टोपीतल्या वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडखाली घाम साचला की आलेख सरकायला लागतो.

एफएनआयआरएस अवरक्त प्रकाशाने रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल बघते. हालचाल बऱ्यापैकी सोसते. मात्र रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाचेक सेकंद लागतात, तोवर गप्पांचा विषय बदललेला. दाट काळे केस प्रकाश अडवतात, नजरही मेंदूच्या वरच्या थरापुरतीच.

जेवताना किंवा चालता-बोलता मोजायचं तर मी एफएनआयआरएसच घेईन. बोलण्याची पाळी कशी बदलते एवढंच बघायचं असेल तर ईईजी, तीही एसीच्या खोलीत.