शटरचं बटण बोटाखालून काढायचं तर: मोठा स्विच चांगला, मधली वायर दगाबाज

कॅमेऱ्याचं शटर उजव्या हाताच्या तर्जनीसाठी घडवलेलं असतं. बोटांत जोर नसेल, हात थरथरत असेल किंवा उजवा हात चालतच नसेल, तर कितीही भारी बॉडी घेतली तरी अडचण तिथेच राहते. यावरचा सगळ्यात साधा इलाज म्हणजे वायर्ड रिमोटच्या भोकात मोठा अ‍ॅक्सेसिबिलिटी स्विच जोडणं. तो तळहाताने, कोपराने, पायाने किंवा डोक्याने दाबता येतो. या जोडणीत तीन गोष्टी लागतात: स्विच, अ‍ॅडाप्टर वायर आणि रिमोटची सोय असलेला कॅमेरा. पहिली उत्तम, तिसरी बहुतेकदा ठीक. गोची होते ती दुसरीत.

आधी स्विच. एबलनेट कंपनीचा जेली बीन सुमारे ६.४ सेंटिमीटर व्यासाचा आहे, तर बिग रेड १२.७ सेंटिमीटरचा. मोठं बटण म्हणजे हलकं बटण, असा समज असतो, पण इथे उलट आहे: जेली बीन साधारण ७० ग्रॅम दाबाला चालतो, बिग रेडला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. म्हणजे नेम चुकतो त्याच्यासाठी बिग रेड आणि जोर कमी पडतो त्याच्यासाठी जेली बीन. दोन्हींचा 'टक्' आवाज स्पष्ट येतो. फुंकर मारून किंवा हवा ओढून चालणारे स्विचही याच जोडणीत बसतात, कारण ते बहुतेक ३.५ मिलिमीटरच्या मोनो, म्हणजे दोनच भागांच्या, पिनवर येतात.

आणि नेमकी ती मोनो पिनच घोळ करते. कॅननच्या आरएस-६०ई३ जातीच्या रिमोटचा जॅक २.५ मिलिमीटरचा, स्टीरिओ, म्हणजे तीन भागांचा असतो. पिनचं टोक म्हणजे शटर, मधली कडी म्हणजे फोकस आणि बूड म्हणजे ग्राउंड. कडी बुडाला टेकली की कॅमेऱ्याला वाटतं बटण अर्धं दाबलंय, टोक टेकलं की फोटो निघतो. मोनो पिनला मधली कडी नसतेच, तिथे बुडाचाच धातू असतो. साध्या '३.५ ते २.५' अ‍ॅडाप्टरमधून स्विच लावला की फोकसची तार कायमची ग्राउंडला चिकटते. मग कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर झोपत नाही आणि बॅटरी भराभर उतरते. एकदाच फोकस लावून थांबणाऱ्या सिंगल फोकसमध्ये तर वायर लावताना जे समोर होतं त्यावरच फोकस अडकून बसतो. फोटो निघतो, पण धूसर, आणि दोष बिचाऱ्या लेन्सवर जातो.

म्हणून वायर घेताना कॅमेऱ्याकडची पिन स्टीरिओ आहे ना, आणि आत टोक व कडी एकमेकांना जोडलेली आहेत ना, हे मल्टिमीटरने तपासा. कंटिन्युइटीवर (तार जुळली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून टोक ते कडी 'बीप' यायला हवं. स्विच न दाबता त्या दोघांपासून बुडापर्यंत मात्र काहीच वाजता कामा नये. दाबल्यावर वाजलं की वायर योग्य. हा निव्वळ संपर्काचा खेळ आहे. बॅटरीवर चालणारं, व्होल्टेज सोडणारं कुठलंही खेळण्याचं स्विच-सर्किट या भोकात घालू नये.

शरीराचे दोन भाग वापरता येत असतील तर त्याहून चांगली जोडणी म्हणजे दोन स्विच: एक कडीवर, एक टोकावर. एकाने फोकस धरून ठेवायचा, दुसऱ्याने फोटो. हातातल्या बटणाच्या सगळ्यात जवळचा अनुभव हाच.

एकच स्विच असेल तर दाब किती वेळ टिकतो, ते बघा. थरथरत्या हाताचा स्पर्श क्षणभराचा असतो. फोकस लागायच्या आत तो सुटला तर कॅमेरा नुसता गुरगुरतो, फोटो नाहीच. यावर फोकस मॅन्युअलवर ठेवून आधीच लावून घ्यावा, किंवा फोकसऐवजी शटरला प्राधान्य देणारी सेटिंग निवडावी. ड्राइव्ह मोड सिंगलवर हवा, नाहीतर एका दाबात दहा फोटो निघतील. दोन सेकंदांचा टायमर लावला तर दाबताना बसलेला हादराही विरतो. स्विच ट्रायपॉडला बांधण्याची हौस मात्र नको, तो वेगळ्या स्टँडवर किंवा टेबलावर असावा. वायर ट्रायपॉडच्या पायाला एकदा गुंडाळून घ्या, म्हणजे ओढ जॅकवर येत नाही.

कॅमेऱ्यांत एकवाक्यता नाही. कॅननच्या ५डी, ७डी मालिकांना तीन पिनांचं वेगळं सॉकेट आहे, निकॉन डी८५० ला दहा पिनांचं. फुजीफिल्म एक्स-टी३० मध्ये माइक आणि रिमोट एकाच भोकात आहेत. तिथे मेन्यूतून 'रिमोट' निवडला नाही तर स्विच कितीही दाबा, कॅमेरा ढिम्म.

हा स्विच शटरपुरताच. एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते ठरवणाऱ्या, चकत्या बोटांनीच फिरवाव्या लागतात. तिथे अ‍ॅपर्चर मोड, ऑटो आयएसओ आणि किमान शटर स्पीड एकदा ठरवून सी१, सी२ या आपल्या सेटिंग साठवायच्या जागांमध्ये साठवून ठेवणं सोयीचं. मग दिवसभरात एकच चकती एकदाच फिरवावी लागते. सोनीच्या आल्फा ७आर ५ मध्ये मेन्यू वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि स्क्रीन मोठी करण्याची सोय आहे. कमी दिसणाऱ्यांना ती खरोखर कामाची, पण बोटांचा प्रश्न त्याने सुटत नाही. झूमच्या रिंगवरही या जोडणीचा काही उपाय नाही. तिथे प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावून थोडी रुंद फ्रेम घ्यावी आणि नंतर कातरावी.