कोंड्यावर घरचा उपाय निवडताना: तेल, लिंबू, कोरफड की टी ट्री?

घरात एकाच्या खांद्यावर कोंडा दिसला की उपाय चारही बाजूंनी येतात. आजी तेल लावायला सांगते, काकू लिंबू चोळायला सांगतात आणि मावशीचा भर दह्यावर असतो. माझ्या मुलाला दहावीच्या वर्षी हा त्रास झाला, तेव्हा आम्ही महिनाभर रोज रात्री तेलाने डोकं माखलं आणि कोंडा दुपटीने वाढला. म्हणून आता मी कुणालाही उपाय सांगण्याआधी एक प्रश्न विचारते: चुरा कोरडा आहे की तेलकट?

डोकं धुऊन दोन दिवस झाले की केसांचा भांग पाडून त्वचेवरून बोट फिरवा. बोट कोरडं राहिलं, पांढरा चुरा पिठासारखा बारीक असला आणि थंडीत हातपायही फुटत असले, तर बहुधा त्वचा नुसती कोरडी पडली आहे. बोटाला ओशटपणा लागला, पापुद्रे मोठे, पिवळसर असले, खाज असली, भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही खपल्या धरत असल्या, तर तो खरा कोंडा. त्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. तेलातले मेद ती फोडते, त्यातून ओलेइक आम्ल सुटतं, आणि ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही त्यांच्या डोक्यावर खाज आणि पापुद्रे येतात.

आता तेलाचं बघू, कारण आपल्याकडे सुरुवात तिथूनच होते. कोरड्या त्वचेला तेल खरंच चांगलं. ओशट कोंड्यावर मात्र रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्या बुरशीला जेवू घालणं. तेलातेलातही फरक आहे. महागडं बदामाचं किंवा ऑलिव्हचं तेल मुख्यतः ओलेइक आम्लाचंच असतं, म्हणजे जे त्वचेला झोंबतं तेच आपण वरून ओततो. खोबरेल तेलात ते फारच कमी असतं. त्यामुळे खपल्या घट्ट बसल्या असतील तर न्हाण्याआधी अर्धा तास थोडं खोबरेल लावा, खपल्या भिजू द्या आणि शाम्पूने स्वच्छ धुऊन टाका. एवढंच तेलाचं काम.

लिंबू मला अजिबात पटत नाही. आपल्या त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण साडेपाच, लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. नखांनी खाजवून सोललेल्या डोक्यावर तो चोळला की आग होते, आणि ती आग म्हणजे ‘औषध लागू पडतंय’ असं वाटतं. रस लागलेली त्वचा उन्हात गेली तर काळे डाग किंवा फोडही येतात. खाण्याचा सोडा तर नकोच. दही त्यापेक्षा सौम्य आहे, केस मऊ होतात, पण बुरशीवर त्याच्या भरवशावर राहू नका.

मेथी आणि कडुलिंब यांचं मी थोडक्यात सांगते: भिजवलेल्या मेथीचा लेप थंडावा देतो, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरायला हरकत नाही, पण दोन्ही जोडीला ठेवावीत, मुख्य उपाय म्हणून नाही. रिठा-शिकेकाई तेलकटपणा काढते, फक्त रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

खरी तुलना उरते ती कोरफड आणि टी ट्री तेलाची (हे एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं उग्र वासाचं तेल), कारण या दोन्हींची माणसांवर रीतसर चाचणी झाली आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ टक्के टी ट्री तेलाचा शाम्पू चार आठवडे वापरणाऱ्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला. तेल नसलेला शाम्पू वापरणाऱ्यांचा ११ टक्क्यांनी. १० मिली सौम्य शाम्पूत १० थेंब घातले की साधारण तेवढंच प्रमाण होतं. फेस तीन मिनिटं ठेवून धुवा. हे तेल नुसतं लावायचं नाही, त्वचेला ॲलर्जी येऊ शकते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तयार मिश्रण लावून एक दिवस बघा. ते पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून बाटली मुलांच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा. कोरफड स्वस्त आणि सौम्य, खाज लवकर शमते. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, मग गर लावा. चाचणी मात्र तयार मलमावर झाली होती, ताज्या गराकडून तेवढीच अपेक्षा नको.

म्हणून माझी निवड अशी: कोरडा चुरा असेल तर खोबरेल आणि डोकं धुताना कोमट पाणी. ओशट कोंड्याला आठवड्यातून दोन-तीनदा टी ट्री घातलेला शाम्पू, मधल्या दिवशी खाज असेल तर कोरफड. याला चार आठवडे द्या. फरक नसेल तर औषधी शाम्पूकडे जाण्यात कमीपणा नाही. केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुतला तर तो घरच्या सगळ्या उपायांपेक्षा भरवशाचा आहे.

जाड, चंदेरी खपल्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा कानामागे येत असतील तर तो सोरायसिस हा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो, तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत. आणि लहान मुलाच्या डोक्यावर गोल चकतीत केस जात असतील तर कुठलाच लेप लावत बसू नका. ते बहुधा गजकर्ण असतं आणि त्याला पोटातूनच औषध द्यावं लागतं.