गावातलं लसीकरण सत्र : लस चांगलीच, नजर ठेवायची ती डब्यावर

सेवा : शासनाचं मोफत लसीकरण, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत. खर्च शून्य. टोचायला पाच मिनिटं, नंतर बसायला अर्धा तास.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला. पारा ४५ ला टेकलेला असताना मोटारसायकलवरून आलेली लस चांगली राहते का? राहते. लस नेण्याच्या थंड डब्यात चार बाजूंना चार आईस पॅक (गोठवलेल्या पाण्याच्या चपट्या डब्या), मध्ये झिपच्या पिशवीत कुप्या, वर घट्ट झाकण. एवढं नीट पाळलं आणि डबा सारखा उघडला नाही, तर सत्र संपेपर्यंत आतलं तापमान २ ते ८ अंशांत टिकतं. शिवाय कुपीवर उष्णतेची खूण असते : गोलात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर फेकायची. ही खूण दाखवा म्हटलं की सिस्टर दाखवतात. मागायला लाजू नका.

खरी भीती उलट बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोनियावरची) या लसींमध्ये अॅल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही पहिल्यासारखे होत नाहीत. असं इंजेक्शन दिलं तर बाळाला सुई टोचते, संरक्षण मात्र पुरेसं मिळत नाही. चौकोनाची खूण फक्त उष्णता टिपते, गोठणं तिला कळत नाही. डीप फ्रीझरमधून काढलेले पॅक तसेच डब्यात भरले की हे घडतं. म्हणून पॅक आधी बाहेर ठेवून घामेजू द्यायचे आणि कानाशी हलवून आत पाणी डुचमळलं की मगच भरायचे. मे महिन्यात पॅक लवकर घामेजतात. सातपुड्यातल्या थंड तोरणमाळच्या डिसेंबरात वेळ लागतो, आणि नेमकी तिथेच घाई होते. तेव्हा खान्देशात लसीला उन्हाइतकंच हिवाळ्यातल्या बर्फालाही जपावं लागतं.

लस टिकवण्याची ही धडपड लसीइतकीच जुनी. इंग्लंडमधल्या डॉक्टर जेन्नरने १७९६ मध्ये देवीची लस शोधली, पण ती इथवर आणायची कशी? वाळवलेली लस लांबच्या प्रवासात निकामी व्हायची. शेवटी बगदाद, बसरा करत, एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात असं करत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. खान्देशात तेव्हा इंग्रजांचा अंमलही आला नव्हता. पुढे १८९७ मध्ये शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ चा. आज आजीच्या दंडावर देवीचा वण दिसतो आणि नातवाच्या नाही, ते देवी गेली म्हणूनच.

आता सेवेकडे. जन्मल्याबरोबर बीसीजी (क्षयावरची लस), पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, रोटा (जुलाबावरची), पोलिओ. यातल्या ६ आणि १४ ला पीसीव्ही व पोलिओचं ०.१ मिलीचं छोटं इंजेक्शनही. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या. कुल्ल्यावर घेऊ नका. तिथे मज्जातंतूला इजा होऊ शकते आणि चरबीत लस मुरत नाही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. नऊच का? त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं लसीला काम करू देत नाहीत. आणि नऊ महिन्यांच्या डोसने सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळतं, म्हणून १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस चुकवायचा नाही. हाच डोस बऱ्याचदा चुकतो, कारण मूल पळायला लागलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, झालं सगळं. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडीसोबत आपल्या शेजारच्या मालेगावातही गोवराची साथ आली होती, हे धुळेकरांनी तरी विसरू नये.

सत्रात काय खटकतं? एक, गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी द्रावणात मिसळल्यावर चार तासांत संपवावी किंवा फेकावी लागते. तिच्यात जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं, तेव्हा हा नियम बरोबरच आहे. पण कुपीत अनेक डोस असल्याने काही ठिकाणी 'चार बाळं जमली की फोडू' असं सांगून एकट्या बाळाला परत पाठवतात. नियम असा नाही. एका बाळासाठीही कुपी फोडता येते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. कुपीवर फोडल्याची वेळ लिहिली आहे का तेही बघा. पेंटा, पीसीव्ही, टीडीची उघडलेली कुपी मात्र नीट ठेवली तर २८ दिवस चालते, ती पाहून घाबरू नका.

दोन, टोचल्यावर अर्धा तास बसवणं. गर्दीत हे राहून जातं. तीव्र अॅलर्जी दुर्मीळ, पण आली तर बहुतेकदा याच अर्ध्या तासात, आणि तिच्यावरचं अॅड्रिनलिन सिस्टरच्या किटमध्ये असतं, तुमच्या घरी नाही.

तीन, समजावून सांगणं. सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई असेल तर काम होतं, नसेल तर आई मान डोलावून घरी जाते आणि तापाची रात्र तिच्या अंगावर येते. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज हे अपेक्षित आहे. पॅरासिटामॉल वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीत : थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५०. म्हणून किती मिली, ते तुमची बाटली दाखवूनच सिस्टरकडून लिहून घ्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येऊन फुटते, हळद-तेल काही लावू नका.

खासगी दवाखान्यात काय जास्त मिळतं? गालगुंड, कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए या लसी, ठरलेली वेळ, बसायला खुर्ची. तिथली 'न दुखणारी' त्रिगुणी (डीपीटी) लस ताप कमी आणते हे खरं. पण डांग्या खोकल्यावर सरकारी पेंटातल्या जुन्या पद्धतीच्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं. तापाच्या एका रात्रीसाठी हजारो रुपये घालण्यात शहाणपण नाही. परवडत असेल तर मूळ लसी उपकेंद्रात आणि वरच्या जादा लसी बाहेर, हा हिशेब सगळ्यात बरा.

गुण : लसीला पाचपैकी पाच, डबा हाताळण्याला चार, वेळ आणि संवादाला अडीच. नंदुरबारमधल्या नर्मदाकाठच्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या गावांना मात्र या मोजपट्टीने मोजू नये. तिथे डबा बोटीतून जातो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी निघण्याआधी उपकेंद्रात बाळाचं लसीकरण कार्ड दाखवून पुढची तारीख लिहून घ्यावी आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत न्यावं. लस तिथल्या सरकारी केंद्रातही मोफतच मिळते. तारीख उलटली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. साध्या सर्दीसाठी तारीख पुढे ढकलू नका. आणि पेंटाचा पहिला डोस बाळ वर्षाचं होण्याआधी घ्यायला हवा, त्यानंतर तो या कार्यक्रमात सुरू होत नाही.